तसबिरीमागची आजी

कोकणातील एखाद्या वाडीवरच्या घरात शिरावे, तो पडवीतून माजघरात जाताना भिंतीवर हार घातलेली एक तसबीर दिसते. तसबीर आजीची असते. डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदण, डोळे किंचित विस्फारलेले. चौकट नवी, काच नवी. परंतु छायाचित्र मात्र अंधुक वाटते, कारण ते मुळात तसबिरीसाठी काढलेलेच नसते. निवडणूक ओळखपत्रावरच्या टपालतिकिटाएवढ्या छायाचित्रावरून ते मोठे करून घेतलेले असते. आजी गेली तेव्हा घरात तिचे एकटीचे दुसरे छायाचित्र सापडले नाही. नव्वद वर्षांच्या आयुष्यात तिची एकटीची छबी टिपण्याची गरज एकदाच, आणि तीही मतदार म्हणून सरकारला, पडली होती.

बाराव्या-तेराव्याला जमलेली माणसे त्या तसबिरीकडे पाहून जे बोलतात, तेही ठरल्यासारखे असते. मोठी मायाळू होती. घर धरून ठेवले तिने. दारातून कोणाला उपाशी जाऊ दिले नाही. कधी कशाची तक्रार केली नाही. यातला एकही शब्द खोटा नसतो. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला नातू डोळे पुसत असतो, तेही खरे असते. तरीही एक प्रश्न त्या शोकात कोणी विचारत नाही. मृत्यूनंतर आजोबा आठवतात ते अमुक गिरणीतले साचेवाले म्हणून, तमुक संपात तुरुंगात गेलेले म्हणून, गावच्या शाळेसाठी वर्गणी जमवणारे म्हणून. आजी मात्र आठवते ती केवळ माया म्हणून. आजोबांच्या आयुष्याला काम असते आणि आजीच्या आयुष्याला केवळ स्वभाव असतो, असे का घडते?

आज एकेक करून निघून चालली आहे ती १९३० ते १९४० च्या दरम्यान जन्मलेल्या स्त्रियांची पिढी. बहुतेकींना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. लढाई चालू होती तेव्हाचा जन्म, गांधीजी गेले त्या सालचे लग्न, अशी त्यांची कालगणना. सासरा गिरणीत, नवरा गिरणीत, पुढे मुलगाही गिरणीत, अशा तीन पिढ्या त्यांनी मुंबईला वाटे लावल्या. स्वतः त्यांतील कितीकींनी गिरणीचा भोंगा उभ्या आयुष्यात ऐकला नसेल. गिरणी कामगारांच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. आणि तरीही त्यांच्यावाचून गिरण्या चालल्या नसत्या, हे दाखवून देणे मुळीच अवघड नाही.

मनिऑर्डरीची दुसरी बाजू

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांना जी माणसे लागली, त्यांचा मोठा पुरवठा कोकणाने केला. १९११ च्या सुमारास गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतून, आलेले होते. पुढे घाटावरच्या आणि उत्तरेकडच्या कामगारांचे प्रमाण वाढत गेले, परंतु कोकणचा चाकरमानी हा गिरणगावचा कणा राहिला तो राहिलाच. या स्थलांतराची खूण आजही पुसलेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात ही संख्या अकराशेच्या वर होती. मुलींचा जीव तिथे अधिक मोलाचा मानला गेला म्हणून हे घडलेले नाही. पुरुष बाहेर गेले आणि बायका मागे राहिल्या, म्हणून घडले.

मागे राहिल्या म्हणजे काय झाले, हे मात्र कोणत्याही जनगणनेने विचारले नाही. गिरणीमालकाने चाकरमान्याला दिले ते एका माणसाचे पोट भरेल एवढे वेतन आणि पंधरा-वीस गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत वळकटी पसरण्यापुरती जागा मिळेल एवढी ऐपत. त्यातून खानावळीचे पैसे भागवून उरेल ते मनिऑर्डरीने गावी जाई. त्या मनिऑर्डरीवर आजीचा अंगठा उमटे आणि टपालखात्याच्या दप्तरात तिची नोंद होई. कोकणाच्या अर्थकारणावर बोलताना अजूनही अभ्यासक या मनिऑर्डरींचा उल्लेख करतात आणि कोकण मनिऑर्डरीवर जगले, असे म्हणतात.

परंतु या व्यवहाराला दुसरी बाजू होती. मनिऑर्डर आठवड्याच्या बाजारालाही पुरत नसे. वर्षभराचे अन्न आजीच्या हातून उभे राही. उन्हाळ्यापूर्वी कवळ तोडून, शेण आणि पातेरा पसरून राब भाजायचा. पावसाच्या तोंडाशी पेरणी करायची. आषाढात डोक्यावर इरले घेऊन कमरेत वाकून लावणी करायची. मग बेणणी, कापणी, झोडणी. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पहाटे उठून जात्यावर दळण, घिरटीवर भरडणे, उखळात कांडण. उतारावरच्या विहिरीचे पाणी डोक्यावरून चढवून आणायचे. गुरे, लाकूडफाटा, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचे करणे, आणि या सगळ्यांच्या मध्ये बाळंतपणे. शिमग्याला किंवा गणपतीला आलेला चाकरमानी परत निघाला की त्याच्या गाठोड्यात तांदूळ, कुळीथ, आमसुले आणि सुके मासे बांधून दिलेले असत. मुंबईहून गावी आलेला पैसा टपालखात्याने मोजला. गावाहून मुंबईला गेलेले अन्न कोणीच मोजले नाही.

आणि अन्नापेक्षाही मोठी गोष्ट गावाहून मुंबईला जात होती. ती म्हणजे माणूस. गिरणीला विसाव्या वर्षी धडधाकट कामगार हवा असे. तो विसाव्या वर्षापर्यंत वाढवला कोणी? क्षय जडल्यावर किंवा साच्यात बोटे सापडल्यावर तो गावी परतला, तेव्हा त्याची शुश्रूषा केली कोणी? पन्नाशीत त्याला घरी बसवले गेले, तेव्हा मरेपर्यंत त्याला दोन वेळा जेवू घातले कोणी? श्रमशक्तीच्या पुनरुत्पादनाचा खर्च वेतनातून निघाला पाहिजे, हे समाजवादी अर्थशास्त्राचे पहिल्या इयत्तेतले सूत्र आहे. मुंबईच्या गिरणीमालकाने तो खर्च वेतनात धरलाच नाही. तो त्याने आजीच्या नावावर टाकला. स्वस्त कामगार हे ज्या उद्योगाचे मोठे भांडवल होते, त्या कामगाराच्या स्वस्ताईचे उगमस्थान गावातल्या त्या चुलीपाशी होते.

हे सत्य राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते ही एक जमेची बाजू मानली आणि ते तोडू नये, असा अभिप्राय दिला. आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणी कामगाराला गाव आधार देते, हा त्यामागचा विचार. परंतु गाव म्हणजे कोण? नकाशावरच्या ठिपक्याला कोणाची उशी-पायथी करता येत नाही. आयोगाने ज्याला गाव म्हटले, ती प्रत्यक्षात एक स्त्री होती. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली. तोवरच्या सुमारे शंभर वर्षांत गिरणी कामगाराचा आजारपणाचा विमा आणि म्हातारपणचे निवृत्तिवेतन या दोन्ही योजना आजीनेच चालवल्या, आणि त्याही एका पैशाच्या वर्गणीशिवाय.

संपाचा न लिहिलेला निधी

इथवरचा दोष भांडवलशाहीच्या माथी मारून चळवळीला मोकळे होता येईल. परंतु ते प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीस संपला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने कामावर गेले नाहीत. गिरणी कामगार युनियन त्याच संपातून उभी राहिली. सहा महिने पगाराशिवाय कामगार तगला कसा, या प्रश्नाला इतिहासात जी उत्तरे मिळतात, त्यांत संपनिधी आहे, धान्यवाटपाची केंद्रे आहेत, बाहेरून आलेली मदत आहे. हजारो कामगार गावी निघून गेले, हेही एका वाक्यात आहे. त्या एका वाक्यात काय दडले आहे? दोन-तीन पुरुषांची तोंडे अचानक वाढलेल्या घरात आजीने पेजेत पाणी किती वाढवले, बियाण्याच्या कणगीला हात किती लावला, वाण्याकडे कोणता डाग गहाण टाकला, याचा हिशेब त्या वाक्यात नाही. संपनिधीची पावतीपुस्तके जपली गेली. हा दुसरा निधी कोणत्याच पुस्तकात चढला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची तर गोष्टच निराळी. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. एक लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. कोकण आणि घाटावरच्या गावांतून जे हजारो कामगार परतले, ते काही महिन्यांसाठी आलेले नव्हते; पुष्कळांसाठी तो कायमचा परतीचा प्रवास ठरला. आज मरण पावणारी आजी त्या वेळी पंचेचाळीस-पन्नास वर्षांची होती. हरलेला मुलगा किंवा हरलेला नवरा तिच्या दारात येऊन बसला. त्याला बोलते करणे, गुत्त्यापासून परत आणणे, सुनेला धीर देणे, नातवंडांची शाळा सुटू न देणे ही कामे तिच्याकडे आली. संपावरच्या परिसंवादांतून नेतृत्वाच्या चुका, सरकारचे धोरण, गिरण्यांच्या जमिनी यांवर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती आवश्यकही होती. परंतु त्या पराभवानंतर लाखो माणसे कोलमडून पडली नाहीत, याचे श्रेय कोणाच्या पदरात घालावे, यावर क्वचितच कोणी बोलले.

मुंबईत राहिलेल्या स्त्रियांची स्थिती याहून थोडी बरी होती. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे तो सतत घटत गेला. त्यांच्यातून पार्वतीबाई भोर यांच्यासारखी लढाऊ कार्यकर्ती पुढे आली आणि त्यांनी सांगितलेली ‘एका रणरागिणीची हकीगत’ १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. जेवण रांधणे हेही काम आहे आणि त्या कामाला बँकेचे कर्ज मिळाले पाहिजे, हे तिथे प्रथम ठणकावून सांगितले गेले. गावच्या आजीने तेच रांधण आयुष्यभर केले. तिला मात्र ना युनियन होती, ना मंडळ, ना बँक.

कसेल त्याची

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घोषणेतला ‘त्याची’ हा शब्द आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. चाकरमान्याच्या घरात कसणारी कोण होती? अकरा महिने चिखलात उभी होती ती आजी. आणि कुळ म्हणून, मालक म्हणून सातबाऱ्यावर नाव चढले ते बहुधा गणपतीला येणाऱ्या पुरुषाचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला हिस्सा दिला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तथापि, कायद्याने दिलेला हा हक्क काढून घेण्यासाठी एक साधा कागद पुरेसा ठरतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. नवरा वारल्यानंतर वारसनोंदीच्या वेळी मुले तो कागद पुढे करतात, आजी विचारते कुठे अंगठा लावू, आणि तिने आयुष्यभर कसलेली जमीन एका क्षणात तिची उरत नाही. घर धरून ठेवणाऱ्या या बाईच्या नावावर घराचा एक चिराही नसतो.

तिच्या श्रमाची हीच गत शासनाच्या दप्तरात झाली. १९६१ च्या जनगणनेत देशातील सुमारे २८ टक्के स्त्रिया श्रमिक म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. १९७१ साली मुख्य व्यवसाय कोणता, असा प्रश्न विचारण्याची पद्धत आली. घरकाम हे जिचे मुख्य काम मानले गेले, ती शेतात राबत असूनही अश्रमिक ठरली, आणि ते प्रमाण सुमारे निम्म्यावर घसरले. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायकांनी हातावर हात ठेवले, असा याचा अर्थ नव्हे. मोजणाऱ्याने पाहण्याची दिशा बदलली, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ साली केंद्र सरकारने प्रथमच देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. तीत असे आढळले की, बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास देत होत्या. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. हा शोध लागण्यास स्वतंत्र भारताला सत्तरांहून अधिक वर्षे लागली. कोणत्याही आजीने तो पाच मिनिटांत सांगितला असता.

म्हातारपणी या श्रमाचा मोबदला काय मिळाला? केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी या वयासाठी २०० रुपये झाला आणि वर्षानुवर्षे तिथेच थबकला. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. महाराष्ट्रात राज्याची भर धरून २०२३ साली ही रक्कम दरमहा १,५०० रुपयांवर आली, म्हणजे दिवसाला पन्नास. त्यासाठी वर्षानुवर्षे अट होती ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याच्या दाखल्याची. शिवाय हयातीचा दाखला निराळा. ती काय काम करते, हे जिला आयुष्यभर कोणी विचारले नाही, तिला शेवटी आपण जिवंत आहोत हे तेवढे दरवर्षी सिद्ध करावे लागते.

देव्हारा नको

आजीच्या श्रमाची आठवण काढणे म्हणजे तिचा देव्हारा मांडणे नव्हे, हेही इथे स्पष्ट केले पाहिजे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला हक्क मागता येत नाहीत. नैवेद्यावर समाधान मानावे लागते. आणि खरी आजी देवीसारखी निर्दोष नव्हती. जो सासुरवास तिने सोसला, तोच पुष्कळदा तिने सुनेला भोगायला लावला. नातवाच्या ताटातली तुपाची धार नातीच्या ताटात पडताना तिचा हात आखडला. दलित वस्तीतून आलेल्या गड्याला पाणी तिने वरून ओतले आणि त्याच्यासाठी कपबशी पडवीबाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवली. या गोष्टी लपवून रंगवलेली आजी खरी नसते. ज्या व्यवस्थेने तिचे श्रम फुकट घेतले, त्याच व्यवस्थेने आपला पहारा करण्याचे कामही तिच्याकडे सोपवले होते, आणि अधिकाराचा तेवढाच तुकडा तिच्या वाट्याला आल्यामुळे तिने तो घट्ट धरून ठेवला. हे समजून घेणे म्हणजे तिला माफ करून मोकळे होणे नव्हे. परंतु हे समजून न घेता सुनेचा आणि सासूचा प्रश्न स्वभावाचा प्रश्न म्हणून सोडून देणे, ही चळवळीने केलेली मोठी चूक आहे.

शिवाय कोकणातली प्रत्येक आजी सारखी नव्हती. कुणब्याच्या घरच्या आजीजवळ खंडाने का होईना, जमिनीचा तुकडा होता. दलित वस्तीतल्या आजीजवळ तोही नसे. दुसऱ्याच्या शेतात लावणी करून तिने आपला चाकरमानी पोसला, आणि मुंबईत त्या चाकरमान्याला जातीमुळे विणकाम खात्यात पाऊल ठेवता येत नव्हते. तरीही आठवण कशी जपावी, हे याच वस्तीने दाखवून दिले. १९२७ साली महाडला झालेल्या परिषदांची, चवदार तळ्याची गोष्ट तिथल्या आज्यांनी नातवंडांना सांगितली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांकडे गेल्या, त्यांचे बोलणे त्यांनी ऐकले, लिहून घेतले, आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्या बायकांतल्या अनेकजणी आज हयात नाहीत. त्यांची तसबीर कुठे असेल नसेल, परंतु त्यांचे काम आणि त्यांचे नाव छापील कागदावर आहे.

माया आणि हिशेब

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो सहृदय माणसेच घेतील. आजीच्या मायेचा हिशेब मांडणे हे तिच्या मायेला उणेपणा आणणे नव्हे काय? अंगाईची मजुरी कोणी ठरवावी?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु अंगाईची मजुरी कोणीच मागितलेली नाही. माया मोजता येत नाही, हे खरेच आहे. म्हणून तिच्या आड लपवलेले श्रमही मोजू नयेत, हे मात्र खरे नाही. किंबहुना ज्यांनी या श्रमांतून नफा काढला, त्यांनीच मायेचे गोडवे अधिक गायिले. कामगाराच्या निष्ठेची स्तुती करणारा मालक पगारवाढीची गोष्ट निघाली की जसा गप्प बसतो, तसेच आजीच्या मायेपुढे गहिवरणारे कुटुंब हक्कसोडपत्राच्या दिवशी गप्प बसते. आजीची माया खोटी नव्हती. तिला मिळालेली परतफेड खोटी होती. आणि खरी गोष्ट अशी की, तिची माया ज्या स्थितीत टिकली ती स्थिती ध्यानात घेतली, तरच त्या मायेची थोरवी कळते. पाच तास भात झोडून आलेल्या बाईने नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या गोष्टीची किंमत अधिक कळेल.

कार्यकर्त्याचे काम

मग करायचे काय? शोकसभा घेऊन ठराव करण्याने यातले काही साधणार नाही. काम साधे आहे, आणि ते आजच केले पाहिजे, कारण ही पिढी फार काळ थांबणार नाही.

पहिले काम ऐकण्याचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली, आणि तो ठेवा कायमचा हरवला असता. कोणीतरी वेळेवर जाऊन बसले म्हणून वाचला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी अशाच बसून ऐकल्या आणि त्यांचे पुस्तक केले. कोकणातल्या आणि घाटावरच्या आज्यांकडे १९८२ नंतरच्या वर्षांची जी हकीगत आहे, ती ऐकण्यास मोठी संस्था लागत नाही. गावातला एक कार्यकर्ता, एक वही, आणि आजच्या काळात प्रत्येकाच्या खिशात असलेले ध्वनिमुद्रणाचे यंत्र एवढे पुरेसे आहे. विचारायचे तेही थोडेच: माहेरचे नाव काय, लग्न कितव्या वर्षी झाले, बाळंतपणे किती आणि मुले जगली किती, संपात घर कसे चालवले, कोणता दागिना गहाण पडला आणि तो सुटला की नाही.

दुसरे काम दप्तराचे. जी हयात आहे, तिचे नाव सातबाऱ्याला आहे की नाही, वारसनोंदीत तिच्याकडून कोणता कागद करून घेतला जात आहे, पेन्शनचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे, हे पाहणे हे तालुक्याच्या प्रत्येक शाखेचे नित्याचे काम झाले पाहिजे. पेन्शनमधील केंद्राच्या वाट्याची मागणी ही दयेची मागणी म्हणून नव्हे, तर थकलेल्या वेतनाची मागणी म्हणून मांडली पाहिजे. आणि हक्कसोडपत्राविरुद्धचा आग्रह कार्यकर्त्याने दुसऱ्याच्या घरात धरण्यापूर्वी स्वतःच्या घरात धरला पाहिजे. तिथे तो सर्वांत अवघड असतो.

तिसरे काम नावाचे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय सरकारने केला. उशिरा का होईना, चांगले झाले. मे दिनाचा मुहूर्त सरकारला योगायोगाने सापडला असेल. चळवळीने तो योगायोग मानू नये. परंतु हा निर्णय पुढे जन्मणाऱ्यांपुरता आहे. ज्या आईच्या आईचे नाव नातवालाही ठाऊक नाही, तिचे काय? बाराव्याच्या पत्रिकेवर शोकाकुलांची वीस-पंचवीस नावे असतात. तिच्या स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचे नाव, त्याचे आडनाव, आणि मागे ‘गं. भा.’ ही वैधव्याची मोहोर. ज्या नावाने तिला तिच्या आईने हाक मारली, ते नाव लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात पुसले गेले आणि पुन्हा कोणी उच्चारले नाही.

म्हणून, ज्या घरात आजीची तसबीर लागली आहे, त्या घरातल्या नातवाने एवढे करावे. हार बदलण्याच्या निमित्ताने तसबीर खाली उतरवावी. तिच्या मागचा पुठ्ठा कोरा असतो. गावात अजून तिच्या बरोबरीची कोणी असेल, तर तिला जाऊन विचारावे, आणि त्या पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहावे: माहेरचे नाव, सासरचे नाव, किती गुंठे कसले, किती माणसे वाढवली, किती आजारी उठवले, कोणत्या संपात किती महिने घर चालवले. मग तसबीर पुन्हा भिंतीवर लावावी.